शाळेच्या डिस्क गोल्फसाठी कोणते प्लॅस्टिक घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी गावालगतच्या ई-क्लास (गायरान) जमिनीवर ग्रामपंचायतीच्या परवानगीने डिस्क गोल्फच्या नऊ बास्केट, म्हणजे वर साखळ्या लोंबणाऱ्या टोपल्या, उभ्या केल्या आहेत. या खेळात थाळीसारखी डिस्क हाताने फेकत कमीत कमी फेकींत ती बास्केटमध्ये पाडायची असते. बास्केट गावातल्याच वेल्डरने तयार केल्या. पहिल्या खेपेला ‘महाग ते टिकाऊ’ या हिशेबाने त्यांनी चॅम्पियन जातीच्या, म्हणजे काचेसारख्या अर्धपारदर्शक आणि कडक प्लॅस्टिकच्या दहा डिस्क मागवल्या. तीन महिन्यांत एकही डिस्क फुटली नाही. पण त्या मुलांच्या घामेजल्या हातांतून निसटतात, डावीकडे वळून नाल्यात जातात आणि साखळ्यांवर आपटून परत बाहेर येतात. आता आणखी तीस डिस्क घ्यायच्या आहेत, आठवी ते दहावीची मुले-मुली खेळणार आहेत आणि पैसे मोजकेच आहेत. साध्या प्लॅस्टिकच्या डिस्क घ्याव्यात की पुन्हा महागड्याच, असे त्यांनी विचारले आहे.

सर, आपण टिकाऊपणा पाहून खरेदी केली यात गैर काही नाही. बादली घेतानाही आपण तेच पाहतो. मात्र डिस्कच्या बाबतीत टिकाऊपणा हा शब्द जरा फसवा आहे. बादली फुटली की तिचे काम संपते. डिस्क सहसा फुटतच नाही, ती बदलत जाते. दगडावर आपटून तिचा काठ झिजतो, काठाची गोलाई आणि उंची केसभर इकडेतिकडे होते, आणि पोळ्याच्या सुमारास सरळ जाणारी डिस्क संक्रांतीपर्यंत उजवीकडे कलू लागते. हा बदल प्रत्येक प्लॅस्टिकमध्ये होतो. एखाद्यात तो दोन महिन्यांत दिसतो, एखाद्यात दोन वर्षांत. तेव्हा प्लॅस्टिक निवडताना आपण ठरवायचे ते इतकेच, की कोणती डिस्क किती लवकर बदललेली आपल्याला चालेल. पुढे जे सांगतो ते सारे या एका मुद्द्याभोवतीचे आहे.

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून भरणाऱ्या मशीनवर मी चौदा वर्षे काम केले, आणि गेली नऊ वर्षे हिंगणघाट तालुक्यात आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून असलेल्या मुरमाड पट्ट्यावर हा खेळ खेळतो आणि गावातल्या मुलांना शिकवतो. त्यामुळे मशीनमधून माल बाहेर पडताना काय होते आणि तोच माल गोट्यांवर आपटल्यावर काय होते, हे दोन्ही मी पाहिले आहे.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. प्रत्येक कंपनी आपल्या प्लॅस्टिकला स्वतःचे नाव देते, पण आपल्या कामापुरती तीन घरे लक्षात ठेवली तरी पुरे. पहिले घर साध्या प्लॅस्टिकचे: इनोव्हाचे डीएक्स, डिस्क्राफ्टचे प्रो-डी, डायनॅमिक डिस्क्सचे प्राइम, लॅटिट्यूड ६४ चे रेट्रो. दुसरे कडक आणि बहुधा अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे: इनोव्हाचे चॅम्पियन, डिस्क्राफ्टचे झेड, डायनॅमिकचे ल्युसिड, लॅटिट्यूडचे ऑप्टो. आपल्या दहा डिस्क याच घरातल्या आहेत. तिसरे घर अपारदर्शक, किंचित मऊ आणि हाताला धरणाऱ्या प्लॅस्टिकचे: इनोव्हाचे स्टार, डिस्क्राफ्टचे ईएसपी, डायनॅमिकचे फ्युजन. याहून मऊ, हातात दुमडणारी जीस्टारसारखी प्लॅस्टिकेही मिळतात. ती आपल्याकडे का चालत नाहीत हे पुढे उन्हाच्या ओघात येईल. मूळ किमतीत पहिल्या घरातली डिस्क दुसऱ्या-तिसऱ्या घरातल्या डिस्कच्या साधारण निम्म्या दरात येते.

महागड्या दोन्ही घरांचा पाया थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन, म्हणजेच टीपीयू हा आहे. हे रबरासारखे चिवट द्रव्य आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. मोबाईलचे मागचे लवचिक कव्हर बहुधा त्याचेच असते, आणि पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरला लोंबणारी गुंडाळीची निळी नळीही अनेकदा पॉलियुरेथेनचीच असते. ती नळी दिवसभर गिट्टीवर घासली जाते, तिच्यावरून मोटारसायकली जातात, आणि तरी ती वर्षानुवर्षे टिकते. घर्षण आणि मार सोसण्याचा हा गुणच डिस्कमध्ये उतरतो. साध्या प्लॅस्टिकमध्ये बादली, खुर्ची यांच्या नात्यातली स्वस्त मिश्रणे असतात. नेमके घटक आणि प्रमाण प्रत्येक कंपनी गुपित ठेवते. या मिश्रणांना हाताची पकड चांगली मिळते, आपटल्यावर ती मार गिळतात, पण घासली की त्यांचे कण निघतात.

आता मशीनपाशी घडणारी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या डिस्क डावीकडे का जातात त्याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. साचा एकच असला तरी त्यात कोणता दाणा वितळवून भरला यावर बाहेर पडणाऱ्या वस्तूचे माप ठरते. गरम रस थंड होताना आकसतो आणि प्रत्येक द्रव्य वेगवेगळ्या प्रमाणात आकसते; पॉलिप्रोपिलीनचे उदाहरण घेतले तर ते साधारण १ ते २.५ टक्के आकसते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण २१ सेंटिमीटर व्यासाच्या डिस्कवर एक टक्का म्हणजे दोन मिलिमीटर. शिवाय हे आकसणे सगळीकडे सारखे होत नाही. काठाचा भाग जाड असल्याने उशिरा थंड होतो, मधला पत्रा पातळ असल्याने लवकर थंड होतो, आणि या ओढाताणीत मधला भाग कधी घुमटासारखा फुगतो तर कधी सपाट बसतो. त्याबरोबर काठही वर किंवा खाली सरकतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर डिस्क सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून तिच्या काठाकडे पाहा. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे काठावर एक बारीक रेघ दिसते. तिला पार्टिंग लाइन म्हणतात. शेजारी पट्टी उभी धरून ती रेघ टेबलापासून किती उंचीवर आहे ते मोजा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन डिस्कमध्ये ज्या डिस्कची रेघ उंचावर, ती उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून डावीकडे नेऊन तिथून पुढे) टाकल्यावर लवकर आणि जोराने डावीकडे ओढली जाते. ज्या डिस्कची रेघ खाली, ती जास्त वेळ सरळ राहते किंवा उजवीकडे कलते. खेळाडू पहिलीला ओव्हरस्टेबल आणि दुसरीला अंडरस्टेबल म्हणतात. चॅम्पियन घरातल्या डिस्क सहसा पहिल्या प्रकाराकडे झुकलेल्या असतात, साध्या प्लॅस्टिकच्या त्यांच्या मानाने सरळ असतात, आणि वापरात काठ बोथट होऊन ही रेघ आणखी दबते तसतशा त्या अधिकाधिक उजवीकडे कलत जातात.

डिस्कवर स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणे), टर्न (वेगात असतानाचा कल) आणि फेड (शेवटी मंदावतानाची ओढ) असे चार आकडे छापलेले असतात. एकाच नावाच्या साध्या आणि महागड्या डिस्कवर बहुधा तेच चार आकडे असतात, म्हणून दोन्ही सारख्याच उडतील असा समज होतो. तसे होत नाही. त्यात आठवीतल्या मुलाच्या हाताचा वेग मिळवून पाहा. ते आकडे ज्या वेगाला लागू पडतात तो वेग या मुलाकडे नसतो, डिस्क सरळ जाण्याइतकी फिरत नाही, आणि लवकर मंदावून डावीकडे कोसळते. प्लॅस्टिक डावीकडे ओढणारे, वजन पूर्ण आणि हात हळू, असे तिन्ही आपल्या दहा डिस्कच्या बाबतीत एकत्र आले आहे. नाला डावीकडे आहे हा नशिबाचा भाग.

वजनाचेही इथेच सांगून टाकतो. या खेळाची जागतिक संघटना, प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन (पीडीजीए), व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजनाला मान्यता देते. म्हणजे २१.२ सेंटिमीटरच्या डिस्कला १७५-१७६ ग्रॅमची मर्यादा येते. मोठे खेळाडू या मर्यादेच्या आसपासची डिस्क वापरतात, म्हणून दुकानदार न विचारता तीच पाठवतात. मुलांसाठी १५० ते १६० ग्रॅम पुरेसे आहे, आणि हलकी डिस्क हळू हातालाही तरंगू देते. मागणी नोंदवताना वजन लिहायला विसरू नका, आणि पार्सल आल्यावर डिस्क किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून खात्री करा.

आता उन्हाविषयी. या खेळाच्या प्लॅस्टिकवर जे काही लिहिलेले वाचायला मिळते ते बहुतांशी थंड प्रदेशातल्या लोकांचे असते. डिस्क्राफ्ट आणि एमव्हीपी या कंपन्या अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आहेत. लॅटिट्यूड ६४ ही स्वीडनमधल्या शेलेफ्तिओची आहे आणि तिच्या नावातला आकडा अक्षांशाचा आहे. यवतमाळ २० अंशांच्या जरा वर. तिकडच्या खेळाडूंची अडचण अशी की बर्फात साधे प्लॅस्टिक कडक होऊन तडकते आणि टीपीयूही ताठरते, म्हणून ते एकमेकांना मऊ प्लॅस्टिक घ्यायचा सल्ला देतात. तो सल्ला तिकडे शंभर टक्के योग्य आहे. आपल्याकडे थंडीतली पहाट सोडली तर ताठरण्याची भीती नाही. आपली अडचण मे महिन्यातल्या ४५ अंशांची आहे.

माझी एक पिशवी मी एप्रिलअखेर टिनाच्या शेडमध्ये, फवारणी पंपाच्या शेजारी खुंटीला टांगून ठेवली होती आणि लग्नसराईच्या गडबडीत दहा-बारा दिवस तिच्याकडे पाहिलेच नाही. पिशवीत डिस्क उभ्या होत्या. उघडली तेव्हा चॅम्पियनच्या तीन डिस्क जवळजवळ होत्या तशा होत्या, स्टारची एक किंचित वाकली होती, मऊ प्लॅस्टिकचा पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची हळू डिस्क) आपल्याच वजनाने अंड्यासारखा लांबट झाला होता, आणि साध्या प्लॅस्टिकच्या ड्रायव्हरचा (लांब फेकायच्या वेगवान डिस्कचा) काठ समुद्राच्या लाटेसारखा वरखाली झाला होता. वाकलेल्या डिस्क मी कढत, पण उकळत्या नव्हे अशा पाण्यात काही मिनिटे ठेवल्या, फरशीवर पालथ्या घातल्या, वर विटा ठेवल्या आणि थंड होऊ दिल्या. टीपीयूच्या दोन्ही बऱ्याच अंशी सुधारल्या. साधा ड्रायव्हर सुधारला नाही. तो आता आमच्या घरी मांजराच्या दुधाची ताटली म्हणून कामी येतो.

तेव्हा डिस्क टिनाखाली किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. वर्गखोलीतल्या लाकडी कपाटात एकावर एक आडव्या रचून ठेवल्या तर त्यांना काही होत नाही. उन्हात वाळत घालण्याचाही मोह टाळावा. ठिबकची काळी नळी उन्हात वर्षे काढते ती तिच्यात कार्बन ब्लॅक मिसळलेले असते म्हणून; रंगीत डिस्कला ते कवच नसते. साधे प्लॅस्टिक उन्हाने हळूहळू ठिसूळ होते, आणि पांढरे किंवा पारदर्शक टीपीयू पिवळे पडते. हे पिवळेपण बहुतेक दिसण्यापुरतेच असते, त्याने उड्डाण बिघडलेले मी पाहिले नाही.

मऊ प्लॅस्टिक आपल्याकडे का नको, याचेही कारण हेच. जीस्टारसारखी डिस्क जानेवारीत हातात छान वाटते. मेमध्ये सकाळी आठलाच ती इतकी लिबलिबीत होते की टाकताना काठ बोटांत दबतो आणि सुटण्याचा क्षण चुकतो.

जमिनीचा विचार उन्हाइतकाच महत्त्वाचा आहे. ई-क्लासची जमीन म्हणजे बहुधा मुरूम, मधूनमधून वर आलेला काळा दगड, बाभळी आणि बोरी. काळ्या दगडाच्या धारेवर साध्या प्लॅस्टिकचा ड्रायव्हर वेगाने आपटला की काठावर नुसता ओरखडा पडत नाही. चाकूने काकडीची साल अर्धवट सोलावी तशी एक पापुद्र्यासारखी चीर उभी राहते. पुढच्या फेकीत ती चीर तर्जनीखालून सरकते आणि बोट कापते. मी मुलांना दर दोन-तीन फेकींनंतर अंगठ्याचे नख काठावरून एक फेरा फिरवायला लावतो. नख जिथे अडते तिथे पॉलिश पेपर घासायचा. २२० नंबरच्या कागदाने चीर काढायची आणि ४०० नंबरने गुळगुळीत करायचे. ओरखडे साफ करण्यापुरते असे घासणे नियमांत बसते. घासून डिस्कचा आकारच बदलणे बसत नाही.

डिस्कचा वेग जितका जास्त तितका हा मार जास्त, कारण वेगवान ड्रायव्हरचा काठ धारदार असतो आणि तो दगडाला जोरात भिडतो. म्हणून माझ्या मते ड्रायव्हरसाठी साधे प्लॅस्टिक घेणे ही मुरमाड जमिनीवर खोटी काटकसर आहे. दोन महिन्यांत ती डिस्क इतकी बदलते की मुलाने आज शिकलेला नेम महिनाभराने निरुपयोगी होतो. मुलाला वाटते आपला हात बिघडला. बिघडलेली असते डिस्क.

याची दुसरी बाजूही आहे, आणि तीही खरी आहे. साध्या प्लॅस्टिकचे हे लवकर बदलणे जुन्या खेळाडूंनी उपयोगाचे ठरवले होते. इनोव्हाची रॉक ही १९८७ सालची मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क; अनेक नामांकित खेळाडू एकाच वेळी तीन-चार रॉक जवळ बाळगत, एक कोरी, एक अर्धी झिजलेली, एक पार झिजलेली. कोरी डावीकडे जाते, अर्धी सरळ, जुनी उजवीकडे. साचा एकच असल्याने हातात तिन्ही सारख्याच लागतात. वर्षभराने आपल्या शाळेतही अशी उतरंड आपोआप तयार होईल. त्यातल्या जुन्या डिस्क फेकून देऊ नका. नव्याने येणाऱ्या आठवीच्या मुलांना त्याच द्या, कारण हळू हातांना उजवीकडे कलणारी डिस्कच सरळ जाते.

पकडीबद्दल आपण लिहिले आहे ते आमच्याकडेही होते. कडक चकचकीत प्लॅस्टिक कोरडे असताना ठीक असते. घाम, दव किंवा बारीक धूळ आली की साबणासारखे निसटते. स्टार घरातले प्लॅस्टिक त्यात बरे, आणि साधे प्लॅस्टिक सर्वांत चांगले, विशेषतः थोडे खरवडल्यानंतर. आपल्या दहा डिस्क भांड्यांच्या साबणाने एकदा चोळून धुवा. नव्या डिस्कवर राहिलेला तेलकट थर गेला तरी फरक पडतो. जुन्या पायमोज्यात चाळलेला लाकडाचा भुसा भरून गाठ मारली की हात कोरडे करायला स्वस्त पिशवी होते, आमची मुले ती कमरेला खोचतात. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीपुढे कोणत्याच प्लॅस्टिकचे चालत नाही. एकदा गंमत म्हणून मी चिखलाने माखलेली डिस्क काट्यावर ठेवली, तर १६८ ग्रॅमची डिस्क १९० च्या वर भरली. प्रत्येक फेकीआधी फडके फिरवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

आता पटर आणि बास्केट. साखळ्यांची बास्केट ही एड हेड्रिक यांची देणगी. पीडीजीए ही संघटनाही त्यांनीच १९७६ साली स्थापन केली. साखळीचे काम डिस्कचा वेग शोषून तिला खाली टोपलीत पाडण्याचे असते. त्यासाठी साखळी सैल आणि हलकी हवी, आणि डिस्क जरा मऊ व खरखरीत हवी, म्हणजे ती कड्यांत क्षणभर अडकते. चॅम्पियनसारखी कडक डिस्क साखळीवरून घसरते किंवा उसळते. यासाठी पटर साध्या प्लॅस्टिकचाच घ्यावा, आणि यावर माझ्या मनात शंका नाही. महागड्या डिस्कने पिशव्या भरलेले कसलेले खेळाडूदेखील पटिंगसाठी बहुधा साध्या प्लॅस्टिककडेच वळतात. पटर हळू जातो, जवळून टाकला जातो, त्याचा काठ बोथट असतो, त्यामुळे झिजही सावकाश होते. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही तो बरा. बोथट काठाची डिस्क पाठीत बसली तर मूल रडते, धारदार ड्रायव्हर बसला तर टाके पडू शकतात.

मात्र मागणी नोंदवण्याआधी एकदा आपल्या साखळ्या पाहा. गावातला वेल्डर साखळी म्हणून जी वापरतो ती अनेकदा गुरे बांधायची असते. तिच्या कड्या जाड आणि ती वजनदार, त्यामुळे ती झुलत नाही आणि भिंतीसारखी वागते. तसे असेल तर कितीही मऊ पटर घेतला तरी तो उसळेलच. साखळी हातात धरून हलवा; सहज लयीत झुलली पाहिजे. त्याच फेरीत टोपलीच्या कडेवरून आणि सळ्यांवरून बोट फिरवा. वेल्डिंगचे उडालेले कण तिथे खरखरीत दाण्यांसारखे चिकटलेले असतात, आणि साध्या प्लॅस्टिकचा पटर आत पडताना दरवेळी त्यांच्यावर खरचटतो. आमच्याकडच्या पहिल्या पटरांची चाळणी दगडांनी नव्हे, या कणांनी केली होती. ग्राइंडर मारून किंवा कानस घासून ते काढले की पटरचे आयुष्य कितीतरी वाढते, आणि या कामाला अर्धा दिवसही लागत नाही.

एवढ्या सगळ्यावरून तीस डिस्कची मागणी मी अशी नोंदवीन. सोळा पटर साध्या प्लॅस्टिकचे, इनोव्हाच्या एव्हिआरसारखे सरळ जाणारे. दहा मिडरेंज, त्यांपैकी सहा साध्या आणि चार स्टार जातीच्या प्लॅस्टिकच्या. उरलेल्या चार फेअरवे ड्रायव्हर (ड्रायव्हरांतल्या कमी वेगाच्या), इनोव्हाच्या लेपर्डसारख्या कमी ओढीच्या, वजनाला १५० ते १६० ग्रॅम, आणि त्या चारही स्टार प्लॅस्टिकच्या. यापेक्षा वेगवान ड्रायव्हर दहावीपर्यंत एकही नको, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. किमतीचा हिशेब करून पाहिला तर साधी डिस्क एक भाग आणि महागडी दोन भाग धरल्यास या तीस डिस्कना अडतीस भाग लागतात. सगळ्या महागड्या घेतल्या असत्या तर साठ लागले असते. वाचलेल्या पैशांतून पुढच्या वर्षी झिजलेल्या पटरांच्या जागी नवे येतील.

आपल्याकडच्या दहा चॅम्पियन डिस्क वाया गेल्या असे समजू नका. ज्या बास्केटभोवती सर्वांत जास्त दगड आहेत तिथे दहावीतल्या जोरदार हाताच्या मुलांना त्याच द्या, आणि वारा समोरून असेल तेव्हा आपण स्वतः वापरा. समोरच्या वाऱ्यात हलकी, सरळ डिस्क उलटून उजवीकडे पळते. डावीकडे ओढणारी कडक डिस्क तिथे शहाण्यासारखी वागते. नाल्याकाठच्या बास्केटला मात्र त्या नेऊ नका, कारण टीपीयू पाण्यापेक्षा जड असते आणि या डिस्क सरळ तळ गाठतात. तरंगणाऱ्या डिस्क मिळतात, पण त्या खूप हलक्या असतात किंवा त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मुद्दाम बारीक बुडबुडे सोडलेले असतात. नवी डिस्क आली की एकदा बादलीत टाकून पाहा, म्हणजे कोणती नाल्याकाठी चालेल ते कळेल.

बुडबुड्यांवरून आठवले. टीपीयूचा दाणा हवेतली ओल पितो, म्हणून मशीनमध्ये घालण्याआधी तो ८० ते १०० अंशांवर दोन-चार तास वाळवावा लागतो. मी जिथे काम करत होतो तिथे एका पावसाळी रात्रपाळीत ड्रायर बंद पडल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि सकाळी अख्ख्या मालावर चंदेरी फराटे उठलेले होते. असा माल दिसायला बरा असला तरी आतून कमजोर असतो. म्हणून स्वस्तात मिळालेली अनोळखी ‘प्रीमियम’ डिस्क उजेडाकडे धरून पाहावी. तरंगण्यासाठी मुद्दाम बुडबुडे सोडलेली जात नसतानाही आत बुडबुडे किंवा वर चंदेरी फराटे दिसले, तर ती परत करावी.

राहिला रंग. दुकानदार ‘रंग कोणताही चालेल ना?’ असे विचारतो आणि आपण हो म्हणतो, ते म्हणू नये. पांढरी डिस्क दिवाळीच्या सुमारास फुटलेल्या पऱ्हाटीत गेली की वेचणीपर्यंत सापडत नाही. नारिंगी डिस्क फाल्गुनात पळसाखाली पडलेल्या फुलांत मिसळून जाते. अर्धपारदर्शक हिरवी तर बाराही महिने हरवते. वाळलेल्या गवतात निळी आणि पावसाळी हिरवळीत गडद गुलाबी, या दोनच रंगांत मी आता खरेदी करतो. हा हौसेचा विषय नाही. डिस्क लांबून दिसली तर मूल गवतात हात घालून चाचपडत नाही, आणि आपल्याकडच्या गवतात घोणस असते. काठीने गवत बाजूला केल्याशिवाय डिस्क उचलायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, तो फेकीच्या नियमांच्याही आधी शिकवला जातो.

पार्सल उघडल्यावर प्रत्येक डिस्कच्या पोटावर मार्करने महिना आणि वजन लिहा, आणि साध्या व स्टार प्लॅस्टिकची एकेक मिडरेंज न वापरता कपाटात राहू द्या. सहा महिन्यांनी, वारा पडलेला असताना सकाळी, त्या दोन कोऱ्या आणि त्यांच्याच जातीच्या दोन वापरलेल्या अशा चार डिस्क एकाच मुलाला एकाच जागेवरून टाकायला लावा आणि जिथे पडतील तिथे खुंट्या ठोका. पुढच्या खेपेला कोणती जात किती मागवायची ते त्या चार खुंट्यांमधल्या अंतरावरून ठरवा.